चिंचेनं घासलेली शिवराई

परदेशात गेलो की माझा पाय एका जागी ठरत नाही. बायको चर्च बघते, मी जुन्या नाण्यांची दुकानं हुडकत फिरतो. लंडनच्या एका दुकानात आपली तांब्याची शिवराई दिसली, काळीकुट्ट. परक्या काचेखाली तिला बघून जीव खालीवर झाला. घेतलीच. म्हाताऱ्या दुकानदारानं बजावलं, "घासू नका. त्या काळेपणालाच किंमत आहे."

कोल्हापूरला पोचल्यावर मी आंघोळीला गेलो, तेवढ्यात आईनं ती देवाच्या भांड्यांबरोबर चिंचेनं लख्ख घासून देव्हाऱ्यात ठेवली.

"आई, किंमत गेली की तिची!" मी घरभर येरझाऱ्या घालत ओरडलो.

"इकायची हाय व्हय?"

"न्हाय."

"मग? ती बसली की जाग्याला. आता तू बी बस."