पुढच्या दातावरचा डाग

माझ्या पुढच्या दातावर चहाच्या रंगाचा डाग होता. लहानपणी मोठा ताप आला, त्यात आत तयार होणाऱ्या दाताचं वरचं कवच कच्चं राहिलं. तो दात आला तेव्हापासून मी तोंडावर हात धरल्याशिवाय हसले नव्हते. नाहूरच्या आमच्या चाळीत मला घुमी म्हणायचे. घुमी कसली डोंबलाची! मला येताजाता हसू यायचं, पण दाबायला लागायचं.

बाविसाव्या वर्षी, रविवारी मला बघायला येणार म्हटल्यावर मी शुक्रवारी ऑफिसला दांडी मारली आणि मुलुंडच्या दातांच्या डॉक्टरकडे आईबाबांना घेऊन धडकले. ह्या वेळी मला मोकळं हसायचंच होतं.

डॉक्टर म्हणाले, "ड्रिल नको, सुई नको. ॲसिडमध्ये पावडर कालवून दात हलका घासू. केसभर थर जाईल, त्याबरोबर डाग."

"ॲसिड?" बाबा खुर्चीतून उठलेच. "तेना मोरी घासतत गो!"

मी त्यांना बाहेर बसवलं. डॉक्टरांनी दाताभोवती रबराचा पडदा लावला, घास-धू, घास-धू केलं आणि हातात आरसा दिला. डाग गायब! झकास! "आता दोन दिवस दात रंग पटकन धरेल," ते म्हणाले. "चहा नाही, हळद नाही, रंगाचं काहीच नाही."

आईने नियम कडक पाळला. भात, दही, नारळाचं दूध. माशाच्या कढीकडे मला बघूही दिलं नाही. आणि शनिवारी जेवण झाल्यावर नेहमीसारखा सोलकढीचा पेला पुढे केला. मीही मालवणीच, दोन पेले घटाघटा प्यायले. जेवल्यावरच्या सोलकढीला आमच्यात कोण खाण्यात धरतं?

रविवारी सकाळी आरशात बघते तर दाताला गुलाबी झाक! वाट लागली! मी आईवर जी तोफ डागली, ती शेजाऱ्यांनीही ऐकली. आई आपली एकच धरून बसली, "सोलकढीक खंय रंग आसता?"

पाहुणे आले. मी दोन्ही हातांत पोह्यांचा ट्रे धरून, ओठ मिटून उभी. मुलाची आई माझ्याकडे टक लावून बघत होती. माझ्या आईला ते सोसवलं नाही. कुणी काही विचारलं नसताना ती घाईघाईने म्हणाली, "दाताक काय झाला नाय हां! सोलकढीचो डाग आसा तो!"

कुणाचं दाताकडे लक्षही नव्हतं. आता सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मला आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि मग आईचा तो प्रामाणिक चेहरा बघून असं हसू फुटलं की काही विचारू नका. हात तोंडावर न्यावा तर ट्रे पडणार. हसले, पोटभर हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

आठवड्याने नकाराचं पोस्टकार्ड आलं. बाबांनी ते दोनदा वाचलं. मला वाटलं, आता ॲसिडवरून बोलणी खायची.

"जाऊंदे गो," ते म्हणाले. "तू हसताना कशी दिसतंस, ता माका त्या दिवशी कळला."