वांग्याच्या सरीच्या टोकापर्यंत

मुलाने आणलेल्या त्या गादीच्या खुर्चीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. जळगावात रस्त्याकडेला कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजत मी भरीत-पुरीचं दुकान उभं केलं. त्या दुकानाच्या गल्ल्यामागे त्याने खुर्ची मांडली आणि म्हणाला, "माय, आता बसून राहा. वांगी मी आणतो." मला न विचारता, जवळच्या असोदा गावात ज्याच्याकडून मी वांगी घ्यायचे त्या शेतकऱ्यालाही सांगून आला, की अक्का यापुढे येणार नाही.

मला आमवात झाला होता. सकाळी बोटं मिटायची नाहीत, तळपाय जमिनीला टेकवले की जीव कळवळायचा. पण वांगी म्हणजे माझं दुकान. रस्त्याजवळच्या सरीतला माल शेतकरी पुढे करतो. आकाराने मोठं आणि हाताला हलकं, म्हणजे कमी बियांचं वांगं बरेचदा सरीच्या पार टोकाला सापडतं, आणि तिथवर चालत जावं लागतं. मुलगा बांधावर मोटारसायकल लावून बांधाजवळचाच माल भरून आणायचा. भरीत बियांनी कचकचायला लागलं. गिऱ्हाईक तोंडावर बोललं नाही, येणं मात्र कमी झालं.

आराम केला की सांधे बरे होतील, या समजुतीने वर्षभर मी त्या खुर्चीत बसले. झालं उलटंच, आधाराशिवाय उठता येईना. डॉक्टरांनी गोळ्या चालू ठेवल्या आणि व्यायाम शिकवणाऱ्या मुलीकडे पाठवलं. तिने दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात दोन टोकांना दोन खुर्च्या मांडल्या.

"सहा मिनिटं या दोन खुर्च्यांमध्ये फेऱ्या मारायच्या."

"सहा? तीन कर."

"अक्का, मी वांगी विकायला बसलेली नाही."

मला राग आला. भांडायला निघाल्यासारखी तरातरा चालले. सहा मिनिटं व्हायच्या आत गुडघ्यांनी दगा दिला आणि मी मधेच फरशीवर बसले. मला उठवून ती म्हणाली, "कुणाला दाखवायला चालताय? अर्ध्या चालीने चाला. धाप लागली तर उभं राहा, मग पुन्हा निघा. सांध्यांचं दुखणं वेगळं. हे पाय बसून बसून अशक्त झालेत."

चालता चालता थांबायचं, हेच मला जमत नव्हतं. शेतात मी आधी टेकले की समोरचा भाव धरून बसतो, म्हणून दुखलं तरी मी कधी थांबले नव्हते.

घरी तीच गादीची खुर्ची कामी आली. हात न लावता तिच्यावरून उठायचं, बसायचं. आधी दोनदाही जमेना. मग गल्लीतून फेऱ्या, रुंद चवड्याचे बूट घालून. साडीवर बूट पाहून शेजारीण म्हणाली, "अक्का पोलिसात लागली काय?" महिन्या-दोन महिन्यांनी मी त्या व्हरांड्यात सहाही मिनिटं चालले, दोनदा थांबून.

थंडीत वांग्याचा हंगाम आला. मुलाला म्हटलं, "गाडी काढ."

असोद्याला शेतकरी बांधावरच आडवा आला. "अक्का, आत कशाला? बठ्ठा माल एकसारखाच, इथला काय नि टोकाचा काय."

"मग मला टोकाचाच दे."

मी सरीत शिरले. ढेकळांवर तळपाय दुखला, पण पाय टिकले. अर्ध्यात धाप लागली. आयुष्यात पहिल्यांदा सौद्याच्या मधे मी पालथ्या कॅरेटवर बसले. शेतकरी हसला. "थकली ना अक्का?"

"मी थकले. भाव तुझा थकायचाय अजून."

मुलगा मागे उभा होता. हाताचा आधार न घेता मी कॅरेटवरून उठले, तेव्हा त्याने पुढे केलेला हात मागे घेतला.

टोकाला वांगी तशीच होती, मोठी, हलकी. बोटांनी देठ तुटेना. मी दाखवत गेले, मुलगा तोडत गेला. प्रत्येक वांगं आधी माझ्या तळहातावर ठेवायचा आणि माझ्या तोंडाकडे बघायचा. भावही माझ्या मनासारखा झाला.

दुसऱ्या सकाळी डोळे उघडले तेव्हा आधी घोटे चाचपले. रोजच्यापेक्षा जास्त सूज नव्हती. अंथरुणातच मोठा श्वास सोडला.

मुलगा म्हणाला, "माय, ती खुर्ची आता काढून टाकू का?"

"राहू दे," मी म्हटलं. "अजून दहा वेळा उठायचंय तिच्यावरून. आणि त्या शेतकऱ्याला फोन लाव. सांग, परवा अक्का स्वतः येतेय."