पूजेत ठेवलेला अंक

ओल्या हळदीचा वास आला की मला अमेरिकेतल्या, मॉरिसव्हिलच्या घरातला एक दसरा आठवतो. एका दर्यावर्दी नायकाचं कॉमिक मी लहानपणापासून जमवतोय. माझ्या जन्माआधीपासून ते निघतंय आणि प्रत्येक अंकाची, त्याच्या अवस्थेसकट, मी कॉम्प्युटरवर नोंद ठेवतो. बरीच वर्षं हुलकावणी देणारा एक अंक त्या आठवड्यात मिळाला होता, तोही कोरा करकरीत. प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून मी तो टेबलावर ठेवला आणि ऑफिसला गेलो. संध्याकाळी दारातच मुलगी म्हणाली, "बाबा, आजी ओपन्ड इट." सहा महिन्यांसाठी आलेल्या माझ्या आईने कॉफी टेबलवर रुमाल अंथरून सरस्वतीची पूजा मांडली होती. मधोमध तो अंक, नायकाच्या कपाळावर हळदकुंकवाची ओली बोटं, वर शेवंतीचं फूल. "एवढं जपतोस, म्हटलं तुझी विद्या हीच," आई म्हणाली. कुंकू कागदात उतरत होतं. पुसलं तर पसरणार, बोललो तर तिचा चेहरा पडणार. मी वाकून नमस्कार केला. नोंदीत त्या अंकाची अवस्था काय लिहावी, ते मला अजून सुचलेलं नाही. आता आईला प्रवास झेपत नाही. दसऱ्याला ती व्हिडिओ कॉलवर विचारते, "पुस्तकांची पूजा केलीस ना?" मी हो म्हणतो आणि तोच अंक कॅमेऱ्यासमोर धरतो. यंदा तिने डोळे बारीक करून नीट पाहिलं आणि म्हणाली, "फिकं झालंय रे, जरा ताजं लाव."