मर्वने ठोकलेला चंदेरी कागद

जुलैत, ऐन थंडीत, आमच्या गल्लीत बातमी फिरली, की मर्व टोलहर्स्टने बेचाळीस वर्षांच्या संसारानंतर कॉरलला घरातून काढलं आणि खाली गाडीशेजारी नेऊन टाकलं. बातमी फिरवण्यात माझाही हात होता, नाकारत नाही. खरं इतकंच, की कॉरलचा खुबा बदलला होता आणि डॉक्टरांनी सहा आठवडे जिना बंद केला होता. ऑस्ट्रेलियात, टुवूम्बातली आमची घरं उंच खांबांवर, खाली गाडी आणि एखादी खोली. दारापर्यंत चौदा पायऱ्या. म्हणून मर्वनेच खालची शिवणाची खोली झाडली, पलंग लावला, हीटर ठेवला, टीव्ही आणला. एक गोष्ट तेवढी खाली उतरेना. वायफाय.

आता हा मर्व म्हणजे टेलिफोनच्या तारा ओढण्यात अडतीस वर्षं घालवलेला माणूस. वादळ ओसरलं की खांबावर पहिला तोच. निवृत्त झाला तरी कुणाचा फोन खरखरला की न बोलावता पेचकस घेऊन हजर, आणि वर ऐकवणार, "कुणी केलंय हे काम? डोळे मिटून केलंय का?"

कॉरलला वायफाय हवं होतं ते बहिणीसाठी. बेरिल देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, पर्थच्या वृद्धाश्रमात असते. तिची आठवण विरत चालली आहे. आवाजावरून ती कुणालाच ओळखत नाही, पण पडद्यावर कॉरलचा चेहरा दिसला की लाडाने "कोरी!" म्हणते. दर रविवारी चार वाजता, दहा मिनिटं. आमच्या उतारावर मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे सगळी मदार घरच्या वायफायवर.

पहिल्या रविवारी बेरिल तोंड उघडं ठेवून पडद्यावर थिजली. दुसऱ्या रविवारच्या आधी मर्व माझ्या दारात.

"ग्लेनिस, तुझं वायफाय बंद कर. तुझ्या लहरी माझ्या लहरींना धडकतात."

"मर्व, माझ्या लहरींना वीस वर्षांत कुणी धडकलेलं नाही. खुशाल धडक."

तासभर बंद ठेवलं. फरक शून्य. मग त्याने रेंज वाढवायची डबी आणून कॉरलच्या उशाशी लावली. पण तिथे मुळात काही पोचतच नव्हतं, तर ती बिचारी वाढवणार काय? तिसऱ्या रविवारी त्याने ती डबी आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात घालून जिन्याच्या कठड्याला बांधली आणि वरचं, खालचं, दोन्ही दारं सताड उघडी ठेवली. बोचरा पश्चिमेचा वारा थेट पलंगावर. कॉरल दोन ब्लँकेटांत, नाकापर्यंत गुंडाळलेली. बेरिल क्षणभर दिसली, म्हणाली, "कोण ही बाई?" आणि चित्र गोठलं.

कॉरलने टॅबलेट पालथा ठेवला.

"अरे, कुणाला तरी बोलव ना," मी म्हटलं.

"मी? बोलवू? या गावात मला शिकवणारा अजून जन्मायचाय!"

बुधवारी रोझा फिलिपेली आली. मर्वला न सांगता कॉरलनेच उशाजवळच्या तारेच्या जुन्या फोनवरून तिला बोलावलं होतं. तीस वर्षांपूर्वी रोझा मर्वच्या हाताखाली काम शिकली. आता तिचा स्वतःचा धंदा आहे. तिला बघून मर्व नुसता म्हणाला, "अगं, तू?"

रोझाने एकही हत्यार काढलं नाही. छताकडे पाहिलं आणि एक सैल फळी हाताने खाली ओढली. आत सगळं चकाकत होतं.

"मर्व, हे काय?"

"थंडी अडवायचा कागद. बारा वर्षांपूर्वी मीच ठोकला."

"सगळीकडे?"

"एका बोटाचीही फट सोडली नाही," मर्व ऐटीत म्हणाला, आणि तिथेच थांबला. त्याचे कान लाल झाले. मीही हळूच दाराकडे सरकले, कारण तेव्हा त्या गुंडाळीचं दुसरं टोक मी धरलं होतं.

"धातूचा कागद आहे तो," रोझा हळूच म्हणाली. "वरून खाली काही येणार नाही. आधी मधे काय आहे ते बघ, हे मला कुणी शिकवलं?"

मर्व बाहेर गेला. परत आला तो ड्रिल घेऊनच. "भोक मी पाडतो," एवढंच म्हणाला. वरच्या खोलीत पालथा पडून त्याने जमिनीला भोक पाडलं, रोझाने तार खाली घेऊन तिथे वायफायची दुसरी पेटी लावली. तासाभराचं काम.

रविवारी मी भोपळ्याचे स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव, घेऊन गेले. स्कोन निमित्त, मला बघायचं होतं. चार वाजता बेरिल लख्ख दिसली. तिने बराच वेळ निरखलं.

"कोरी! किती दिवसांनी गं? मला वाटलं तू गेलीस."

"इथेच होते गं," कॉरल म्हणाली. का दिसली नाही, ते तिने सांगितलं नाही. मर्व दारात उभा होता. तो आत आला नाही.

बाहेर आल्यावर माझ्या जिभेला राहवेना. "पर्थपर्यंत तारा ओढणारा माणूस तू, आणि स्वतःच्या बायकोपर्यंत पोचायला रोझा लागली?"

मर्व माझ्याकडे न बघता म्हणाला, "तीन रविवार घालवले मी तिचे, निव्वळ विचारायची लाज वाटली म्हणून. गल्लीत सांगणारच आहेस ना? मग एवढंच सांग, पदरचं काही घालू नकोस."