ट्रकमधून काढलेलं घड्याळ

लग्न जमवताना माझ्या मामाने थाप मारली होती की पोरगी चौथी पास आहे. खरं तर मी जेमतेम वर्षभर शाळेत बसले आणि मग म्हशींमागे गेले. भंडाऱ्याकडच्या गावातून मी भिलाईला आले तेव्हा कारखाना उभा राहत होता आणि आमचे हे मोटार गॅरेजमध्ये हेल्पर होते. मामा गावी सुखात होता. थाप निभवायची होती मला.

एका संध्याकाळी यांनी पिशवीतून घड्याळ काढलं. कंडम झालेल्या रशियन ट्रकचं, स्टिअरिंगपुढच्या पत्र्यात बसवलेलं असतं ते. फोरमननेच घेऊन जा म्हटलं होतं. मशिनी ज्या खोक्यांतून यायच्या त्यांच्या एका फळीला यांनी गोल भोक पाडलं, घड्याळ त्यात घट्ट बसवलं, खाली पाय म्हणून दोन मोठे नट लावले आणि टेबलावर मांडलं. टेबलही खोक्याचंच होतं.

"तुले वाचता येते," हे म्हणाले. "तुया कामाचं हाये."

माझं डोकंच चालेना. आकडे कसेबसे ओळखीचे होते, पण काटा पाचावर असला की लोक पंचवीस मिनिटं का म्हणतात? दोन काट्यांतला खरा कोणता? विचारणार तरी कोणाला?

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी मोरीतून हाक यायची, "किती वाजले वं?" मी घड्याळासमोर नीट उभी राहायची, जरा वेळ लावायची आणि उत्तर भलतीकडूनच आणायची. सहाचा भोंगा होऊन किती झालं, नळ गेला का, शेजारची पोरं शाळेला निघाली का, असा हिशेब लावून म्हणायची, "सव्वासात." हे म्हणायचे, "बरं." बस, एवढंच.

एकदा नळ आलाच नाही आणि माझा हिशेब पार चुकला. मी "सात" म्हटलं आणि थोड्याच वेळात आठचा भोंगा वाजला. हे डबा न घेताच धावत सुटले. संध्याकाळी आले आणि नेहमीसारखे जेवायला बसले. मला काही कळेना. यांना माझं बिंग समजलं असेल तर रागावत का नाहीत? समजलं नसेल तर स्वतः येऊन घड्याळ बघत का नाहीत? की माझी मजा बघताहेत? धूळ बसते असं सांगून मी त्याच्यावर भरतकामाचा रुमाल टाकला. निदान ते माझ्याकडे बघत तरी नव्हतं.

मग गाड्यांच्या कामासाठी यांना तीन दिवस नंदिनीच्या खाणीवर पाठवलं. परत आले तेव्हा पाचचा भोंगा नुकताच झाला होता. पाय धुता धुता यांनी विचारलंच, "किती वाजले वं?"

मी रुमाल उचलून बघितल्यासारखं केलं. "पाच वाजून गेले."

हे आत आले. घड्याळाला चावी द्यायची ती रविवारी, आणि ते काम यांचं. रविवार तर नंदिनीत गेला होता. यांनी घड्याळ उचलून कानाशी धरलं.

"हे तं बंद हाये."

आता माहेरी धाडतील, दुसरं काय. मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. "मले घड्याळ समजत नाही. मी चौथी पास बी नाही. मामानं खोटं सांगतलं."

हे खोक्यावर बसले. घड्याळ हातात फिरवलं.

"मले येत असतं," हे म्हणाले, "तं तुले रोज कायले विचारलं असतं?"

साहेब यांना कंप्रेसर, म्हणजे हवा भरायचं मशीन, चालवायला घेणार होते. तिथे दर तासाला वहीत टाइम लिहावा लागायचा आणि घड्याळ बघता येतं म्हणून हे सांगून बसले होते. बायको चौथी पास, ती वेळ सांगेल तेव्हा मोरीतून काटे बघून गुपचूप शिकून घेऊ, म्हणून यांनी घड्याळ घरी आणलं होतं.

मला हसू आलं नाही. राग आला. इतके दिवस मी जीव मुठीत धरून ज्याला घाबरले, तो माणूस मोरीत उभा राहून माझ्याच भरवशावर होता.

यांनी चावी दिली. टिकटिक सुरू झाली. मग यांनी काटे फिरवायच्या बटणावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. पाच वाजून गेले होते हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. काटे कुठे न्यायचे, ते एकालाही नाही.

मी घड्याळ रुमालात बांधलं आणि शेजारच्या मास्तरणीबाईंच्या दारात जाऊन उभी राहिले. हे मागे आले, पण कुंपणापाशी थांबले.

"बाई, मले हे शिकवा," मी म्हटलं. "अन् यायले बी."