वांगणीला जाण्याआधी बदललेली कॉइल

आमची गाडी गरम झाली की बंद पडायची. छोटी, जुनी, दोन मालकांच्या हाताखालून आमच्याकडे आलेली. सकाळी किल्ली फिरवताच सुरू व्हायची आणि बदलापूरहून निघून अंबरनाथच्या कारखान्यांपर्यंत पोचली की आचके देत थांबायची. अर्ध्या तासाने आपोआप पुन्हा सुरू.

बाबा तिथल्याच एका केमिकल कंपनीत मेन्टेनन्सला होते. गाडी त्यांनी हौसेने घेतली होती, पण त्या उन्हाळ्यात हौस उरली नव्हती. आईचं लिव्हर खराब झालं होतं. पोटात पाणी साठायचं, ते काढायला दर आठवड्याला तिला उल्हासनगरला कॅम्प पाचमधल्या एका नर्सिंग होममध्ये न्यावं लागे. रिक्षाचे धक्के तिला सोसत नसत. मी कॉलेजात होते. मागच्या सीटवर तिला धरून बसायचे.

बाबांनी प्लग साफ केले, पॉइंट घासले, पेट्रोलची नळी बदलली. तरी मे महिन्यातल्या एका दुपारी गाडी पुन्हा बसली. रस्त्यावर सावली नव्हती आणि हवेत अ‍ॅसिडचा वास होता. आईला उलटी झाली. मी तिचं तोंड पुसत होते तोवर बाबांनी बॉनेट उघडून आतल्या डब्यासारख्या कॉइलला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"हीच ती," ते म्हणाले. "हिच्यातून प्लगला करंट जातो. तापली की करंट तुटतो."

आईच्या बाटलीतलं पाणी ओतून त्यांनी फडकं भिजवलं आणि कॉइलभोवती गुंडाळलं.

"माझं पाणी तिला पाजा," आई डोळे मिटूनच म्हणाली.

थोड्या वेळाने गाडी सुरू झाली.

त्या दिवशी डॉक्टरांनी काढलेलं पाणी लालसर होतं. त्यांनी बाबांना बाहेर बोलावलं. परत आले तेव्हा बाबा आईकडे न बघता तिच्या चपला शोधत होते.

"पुढच्या आठवड्यात यायची गरज नाही म्हणाले."

"बरं," आई म्हणाली.

परतताना बाबांनी कॅम्पातल्याच एका पार्टच्या दुकानासमोर गाडी थांबवली. दुकानदार सिंधी होते. "साईं, इतनी पुरानी गाडी का माल अब कहाँ मिलता है," म्हणत त्यांनी मागच्या फळीवरून कॉइल काढून दिली. मला बाबांचा राग आला. आता कुठे जायचं होतं आम्हाला? पण शेजारी आई ऐकत होती, म्हणून मी तो गिळला.

रविवारी सकाळी बाबांनी ती बसवली. बॅटरीची वायर सुटी केली, जुन्या कॉइलच्या दोन बारीक वायरी आणि मधली जाड वायर काढली, ती धरून ठेवणाऱ्या पट्टीचे बोल्ट पान्याने सैल केले. जुनीच्या तोंडाशी डांबरासारखं काळं वितळून आलं होतं. नवी लावून त्यांनी इंजिन बराच वेळ चालू ठेवलं. चांगलं तापलं तरी बंद पडलं नाही. आई दाराशी भिंत धरून उभी होती.

"झाली का नीट?"

"झाली."

"मग मला वांगणीला न्या."

वांगणीला तिचं माहेर. मामा तिथे भातशेती करायचे. गाडी वाटेत एकदाही थांबली नाही. बाबा प्रत्येक खड्डा चुकवत होते. दुपार कलायला लागली तसं बाबा म्हणाले, "चल, निघू या."

आई ओट्यावर आडवी होती. "तुम्ही जा. मी इथंच राहते."

"औषधं घरी आहेत."

"आता कसली औषधं?"

"मी आहे ना घरी," बाबा म्हणाले.

"तुम्ही दिवसभर कारखान्यात. पोरगी कॉलेजात. मी भिंतींकडे बघत मरायचं का?"

मामा मध्ये पडले. आईला ते बाय म्हणायचे. "दाजी, र्‍हाऊ द्या बायला. आमी हाव ना."

बाबा गाडीत जाऊन बसले. घरी आल्यावर ते कपडे न बदलता झोपले.

दुसऱ्या दिवशी कंपनीतून सुटल्यावर ते आईची औषधं आणि दोन लुगडी घेऊन वांगणीला गेले. मग रोजच जाऊ लागले. कधी मीही जायचे. आई त्यांच्याशी फारसं बोलायची नाही. मामीशी शेतातल्या गोष्टी काढायची. बाबा तिच्या पायांची सूज दाबून बघत आणि बसून राहत.

पेरणीच्या दिवसांत ती गेली. सकाळची वेळ होती, घरातले सगळे शेतावर. तिच्याजवळ कुणीच नव्हतं.