नववा फर्मा

आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात कारखाना म्हणण्यासारखं काही नाही. कसबा पेठेतल्या दोन खोल्या, एक कटिंग मशीन, चार बायका आणि मी, श्रीनिवास, मालक. मालक म्हणजे वीजबिलावर ज्याचं नाव असतं तो. खरा कारखाना बावीस वर्षं मुक्ताबाईच चालवत होत्या. छापखान्यातून मोठाले छापील कागद येतात, त्यांच्या घड्या घातल्या की सोळा पानांचा एक फर्मा होतो, आणि फर्मे एकावर एक लावले की पुस्तक. मुक्ताबाईंच्या हातून गेलेल्या पुस्तकात फर्मा कमी निघाला, असं एकदाही झालं नाही. कडेवरून नुसता अंगठा फिरवला की त्यांना कळायचं.

पुण्यातल्या कितीतरी थोरामोठ्यांची आत्मचरित्रं त्यांनी घड्या घालून बाहेर काढली. एक दिवस म्हणाल्या, "मालक, ह्या लोकांपरीस माझ्याकडं सांगण्याजोगं जास्त हाय."

मी म्हटलं, "मग लिहा की. कोणी हात धरलाय?" आमच्या पेठेत याला नुसतं बोलणं म्हणतात. पण बाईंनी खरंच लिहिलं हो! चार वर्षं, गुलटेकडीच्या वस्तीतल्या घरात, दोनशे पानी तीन वह्या. लेकीने, अपेक्षाने, सगळं कंप्युटरवर टाइप केलं. अपेक्षा हिंजवडीला आयटीत. ही गोष्ट दोन हजार चारची. तेव्हा आयटीत म्हटलं की लोक उठून खुर्ची द्यायचे. वस्तीतल्या महिला मंडळाने छपाई अंगावर घेतली. बाइंडिंग अर्थातच आमचं, आणि मुक्ताबाईंची एकच अट होती, घड्या त्या स्वतः घालणार.

पहिलं प्रूफ त्यांनी मला वाचायला दिलं. एकशे चव्वेचाळीस पानं, नऊ फर्मे. आठ फर्मे मी वाहवा करत वाचले. शेवटचं प्रकरण नवव्यात होतं, ते वाचताना मला घाम फुटला.

त्यात त्यांचा वारलेला नवरा होता. कोंडीराम, मार्केट यार्डातला हमाल आणि वस्तीचा पुढारी. समतेवर असा बोलायचा की ऐकणारे डोळे पुसायचे. मुलींना शिकवा म्हणून घरोघर फिरायचा. त्याच कोंडीरामाने, बायको प्रौढ शिक्षणाच्या वर्गाला जाते म्हणून तिची वही चुलीत घातली, आणि वही ओढायला गेलेला तिचा हात तिथेच दाबून धरला. मुक्ताबाईंच्या डाव्या तळहातावरचा तो डाग मी बावीस वर्षं बघत होतो. विचारलं कधीच नव्हतं.

आणि शेवटच्या दीड पानात मी होतो. म्हणजे माझ्या खिडकीतला कान तुटलेला कप. बाकीच्या बायकांचे कप मोरीत एकत्र. मुक्ताबाईंचा वेगळा, त्यांनीच धुवायचा, त्यांनीच खिडकीत ठेवायचा. पद्धत माझ्या आईची. आई जाऊन आठ वर्षं झाली तरी कप तिथेच. आणि मी मात्र जातपात मानत नाही, असं चारचौघांत सांगत हिंडायचो.

आठवड्याने अपेक्षा आली. "काका, ते लास्ट चॅप्टर काढतोय आपण. वस्तीतल्या वाचनालयाला बाबांचं नाव आहे. मला स्थळ आलंय ना, तेही त्या नावावरच आलंय. आईला समजावलंय मी, ती ओके आहे."

मुक्ताबाई आतल्या खोलीतच होत्या. आठ पावलं चालून विचारायला माझं काय जात होतं? पण मला कप आठवला. म्हटलं, "घरातलं घरात राहिलेलं बरं." नालायकपणा होता, दुसरा शब्द नाही.

छापील कागद आले त्या दिवशी मुक्ताबाई ठेवणीतलं पातळ नेसून आल्या. बायका चिडवायला लागल्या, "लेखिकाबाई, सही द्या की!"

"आधी घडी सरळ घाल, सही मग."

दुपारपर्यंत गठ्ठे लागले. त्यांनी पहिली प्रत जुळवली, कडेवरून अंगठा फिरवला आणि थांबल्या. पुन्हा फिरवला.

"मालक, नववा फर्मा कुठं हाय?"

मी खळ ढवळत बसलो. "अपेक्षा म्हणाली, तुम्हाला चालणार आहे..."

"मला इचारलं का कुणी?" त्यांनी प्रत खाली ठेवली. "बोलवा तिला. तवर ह्या पुस्तकाला सुई लावायची न्हाई."

अपेक्षा कंपनीच्या बसमधून उतरून तशीच आली, गळ्यात ओळखपत्र. आल्या आल्या म्हणाली, "आई, आपल्याच माणसाची बदनामी आपणच करायची? बाहेरचे टपलेलेच आहेत."

"गावानं पाण्याला शिवू दिलं न्हाई, ते लिहिलं तर टाळ्या. तुझ्या बापानं वहीला शिवू दिलं न्हाई, ते लिहिलं की बदनामी? त्यांची भाषणं ऐकून मला शिकावंसं वाटलं, हे बी लिहिलंय मी. हात जळला, हे बी. दोन्ही खरं हाय."

अपेक्षा रडायला लागली. "लहानपणापासून तू स्टोव्हचा भडका सांगत आलीस. ते टाइप करताना ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले मी. मला बाबा होते तसेच राहू दे ना गं."

"मला बी ते तसेच पायजे होते," मुक्ताबाई म्हणाल्या.

मग त्यांनी लेकीचं तोंड पदराने पुसलं. "स्थळाचं म्हणशील तर पोराच्या हातात पुस्तक दे. वाचून पळाला तर लग्नाच्या आधी पळाला. माझ्यावाणी मागनं कळायला नको."

अपेक्षाने आईचा डावा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "काका, प्रेसला फोन करा."

मी फोनपाशी गेलो आणि तिथेच घुटमळलो. शेवटी लाज सोडून विचारलंच. "मुक्ताबाई, नवऱ्याचं राहू दे. पण ते शेवटचं दीड पान... कप मी आत्ता, तुमच्यासमोर फेकतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग असता तर बरं वाटलं असतं.

"मालक, नवऱ्याचं काढलं न्हाई," त्या म्हणाल्या, "तुमचं काढू व्हय?"

मी फोन उचलला आणि छापखान्याला सांगितलं, नववा फर्मा छापायला घ्या. सोळाच्या सोळा पानं.